इंजिनाला पाच सवाष्णींचं तेल

मुरुम, चैत्र वद्य पंचमी

प्रिय मित्र खाजाभाई यांस,

उत्तरेश्वराचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही धाडले आहेत, धाराशिवच्या टपालात जो आधी सापडेल तो घ्यावा. ताहेराभाभींची कंबर आता कशी आहे ते कळवावं. तुमच्या गॅरेजवर गिऱ्हाईक बरं असेल. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, फक्त इंजिन तेवढं गेलं. गेलं म्हणजे चोरीला नव्हे. ते जागेवरच आहे, आणि असं जागेवर आहे की दोन गड्यांनी दोरी ओढली तरी त्याचं चाक फिरत नाही.

सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच ऐकलं तर तुम्ही मलाच दोष द्याल (ती तुमची शाळेपासूनची खोड आहे). गेल्या दिवाळीला तुम्ही मिरचीच्या रानासाठी विहिरीवर बसवून दिलेलं ते लहानसं फोरस्ट्रोक इंजिन मी पाडव्याला उचललं आणि चार चाकांच्या गाड्यावर बसवलं. का, असं विचारू नका. पाणी उपसणारं इंजिन जगात कुणाकडंही असतं, पण माणसाला घेऊन पळणारं मुरुमात एकाचंही नव्हतं. आमच्या घरात यावरून चार दिवस चूल आणि मी, दोघंही धुमसत होतो. शेवटी आमच्या कारभारणीनं, कमलबाईनं अट घातली. जत्रेत शंकरपट झाला की पहिल्या आलेल्या बैलजोडीशी माझा गाडा पळवायचा. जिंकलो तर इंजिन गाड्यावर राहील, हरलो तर त्याच दिवशी परत विहिरीवर, आणि पुन्हा आयुष्यात त्याचं नाव काढायचं नाही. मी देवाशपथ कबूल केलं. तेव्हापासून मला जेवण गेलं नाही, कारण पहिली जोडी गुंडाप्पाचीच येणार हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

आता तेलाचं. तुम्ही पत्रात लिहिलंत की तीस नंबरचं डब्यातलं तेल घाला, काडीवरच्या खुणेइतकंच घाला, एक थेंब वर नको. पोटात एक पळी असते, ती तेल उडवते, जास्त झालं तर पळीच तेलात बुडते आणि इंजिन दमतं. खाजाभाई, मनाला लागलं. विहिरीला तीस नंबर आणि शर्यतीलाही तीस नंबरच? लग्नात कुणी रोजचं धोतर नेसतं का? म्हणून मी जाणत्यांना विचारलं. मुनवरचाचा (जहागीरदारांची मोटार चालवायचे ते, मोटार गेली, जहागीर गेली, चाचांचा रुबाब आहे तसा आहे) म्हणाले, पळणाऱ्या इंजिनाला एरंडेलच लागतं, त्याच्या धुराला सुद्धा खानदानी वास येतो. घाण्यावरचा सोमलिंग म्हणाला, करडीचं घाला, माझ्या घाण्याचं तेल खाऊन म्हातारी माणसं पळतात. मग मी शास्त्रीय परीक्षा घेतली. कमलबाईची परात माळवदावर तिरपी ठेवली, वर तिन्ही तेलांचे थेंब सोडले आणि बघत बसलो. करडी पहिली आली. तुमचं तीस नंबर दुसरं. एरंडेल जेवणं झाली तरी परातीच्या मध्यावरच होतं. शर्यतीचं तेल कुठलं हे यावरून कुणालाही कळलं असतं, पण तुमच्या मैत्रीखातर मी मन मोठं केलं आणि तीस नंबरच घातलं, बरोबर खुणेपर्यंत. हे लक्षात ठेवा. माझ्या हातून चूक झालेली नाही.

चूक झाली ती रीतीची. आमच्याकडं नवरदेव मांडवात जायच्या आधी त्याला पाच सवाष्णी तेल लावतात, हे तुम्ही माझ्याच लग्नात पाहिलंय. मी फेटा बांधायला आत गेलो तेवढ्यात शेजारच्या धुरपदाकाकूंना वाटलं, हा गाडाही आज पहिल्यांदा चारचौघांत चाललाय, याला कोरडं कसं पाठवावं? आमची कमलबाई धरून पाच जणी जमल्या. हळदकुंकू लावलं, आणि तेल वरून लावायचं ते, झाकण सापडल्यामुळं, आत ओतलं. मी बाहेर आलो तेव्हा इंजिन काठोकाठ भरलेलं होतं आणि बायका समाधानानं घरी निघाल्या होत्या. काढायला वेळ नव्हता, जत्रेत हलगी सुरू झाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. इंजिन सुरू झालं, पण असा धूर की मला माझेच गुडघे दिसेनात. अख्ख्या पटावर भजी तळल्याचा वास सुटला. गाडा चालत्या माणसाच्या चालीनं निघाला, हरलोच म्हणून मी मान खाली घातली. मागं बघतो तर गुंडाप्पाचे बैल माझ्या मागं चार हातांवर, माना लांब करून, सोयऱ्यासारखे शांत चालत येताहेत. गुंडाप्पा आधी मराठीत ओरडला, मग कानडीत ओरडला. बैलांना दोन्ही भाषा येतात, पण त्यांनी पुढं जायचं नावच काढलं नाही. यंत्रापुढं जनावर दबतं म्हणतात ते खरं. मी आधी रेघ ओलांडली, लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि इंजिन एक उचकी देऊन कायमचं गप्प झालं. खाजाभाई, खरं सांगतो, खांद्यावर बसल्या बसल्या मला रडू आलं.

भाभींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. : पिस्टन, रिंगा आणि तुमचे हात घेऊन लवकर यावं. तुम्ही भेटायला आलात असंच घरी सांगेन.

आणखी एक : कमलबाईपुढं सहज एवढं म्हणावं की, एकदा पळालेलं इंजिन पुन्हा पाणी उपसत नसतं. तुमच्या शब्दाला ती मानते.

खाजाभाईंना कमलबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मला वाचता आलं. चौघींनी नुसता बाटलीला हात लावला, तेल सगळं मीच ओतलं, करडीचं. गुंडाप्पानं ती जोडी माझ्या माहेरातून घेतलीय. वासरं होती तेव्हापास्नं मीच त्यांना करडीची पेंड चारलीय, त्या वासामागं ती कुठंबी येतात. ह्यांना काय सांगू नका, चार दिवस झाले नीट जेवाय लागलेत. मला इंजिन विहिरीवरच पाहिजे होतं, अट मीच घातली होती. पण सकाळी ह्यांनी फेटा तीनदा बांधून तीनदा सोडलेला मी दारातनं बघितला. गाव ह्यांना हसलेलं मला बघवलं न्हाय. घरात मी हसते तेवढं बास. पाण्यावाचून मिरचीची फुलं गळाय लागलीत, या.