शिवलेलं शेवटचं प्रकरण

मास्तर, आठ दिवसांपूर्वी सूनबाईने एका नव्या रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण दाभणाने शिवून पुस्तक माझ्या हातात दिलं. तिथपर्यंतचं सगळं मी वाचून संपवलं. आता शिवण उसवायची तर आधी अंदाज सांगायला हवा, आणि नियम तुमचाच, अंदाज सांगायचा तो तुम्हाला. तुम्हाला जाऊन तर तीस वर्षं झाली. मानमोडीच्या तापाच्या साथीत कामशेतपासून औंढ्यापर्यंत घराघरांतून माणसं गेली, त्यात तुम्हीही गेलात. इथे लोणावळ्यात माझ्या ओळखीपाळखीचे पुष्कळ आहेत, पण खुनी कोण हे ऐकून घेताना चेहरा कोरा ठेवील असं त्यांत कुणी नाही. म्हणून लिहायला बसलो. शिवाय माझा एक जुना अंदाज तुमच्यापाशी खोटा पडून आहे, तोही आज सांगून टाकायचा आहे. पण म्हाताऱ्या माणसाला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, तेवढा द्या.

तुमची ती पद्धत आता कुणाला सांगितली तर लोक हसतात. कामशेतच्या शाळेतलं ते एकुलतं कपाट, त्यातली चाळीस-बेचाळीस पुस्तकं, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पडवीत घोंगडी अंथरून मोठ्याने वाचन. मी तुमचाच विद्यार्थी, नुकताच तुमच्या हाताखाली दुसरा मास्तर म्हणून लागलेला. कविता शिकवायला तुम्ही मलाच द्यायचात, कारण घाट चढणारी गाडी भुजंगप्रयातात चढते असं मी वर्गात सांगत होतो ते तुम्ही दाराआडून ऐकलं होतं. रहस्यकथा आली की तुम्ही ती आधी घरी न्यायचात आणि परत आणायचात ती शेवटचं प्रकरण शिवूनच. दाभण आणि दोरा तांदळाच्या वखारीतला. तिथे पोती शिवणारा टाकव्याचा हमाल तुमचा दोस्त, त्यानेच तुम्हाला ती गाठ शिकवलेली. वाटेत कुणी पोतं उसवलं, तांदूळ काढला आणि पुन्हा शिवलं, तर नुसत्या गाठीवरून ओळखू यावं अशी ती गाठ. पानांच्या मोकळ्या कडेला तीन टाके आणि टोकाला ती. मग प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा, तोही कारणासकट. नुसतं नाव घेतलं की तुम्ही म्हणायचात, "नाव काय, जत्रेतला पोपटही काढून देतो. कारण सांग." हमालाला अक्षर येत नव्हतं. तो खांबाला पाठ लावून डोळे मिटून ऐकायचा, आणि झोपला म्हणून आपण हसलो की मागच्या शनिवारचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचा.

आता माझी पुस्तकं सूनबाई वाचनालयातून आणते. तिची निवड आणि माझं मान डोलावणं. युद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हाची पुस्तकं हातात घेतली की कडा बिस्किटासारख्या तुटतात, पण गोष्टी मात्र तेव्हापासून जास्तच येऊ लागल्या आहेत. भुतांच्या तर विचारू नका. या भुतांना डोंगर, शेत, ओढा काही लागत नाही, त्यांना बंगला लागतो, आणि तो बहुधा आमच्या खंडाळ्याला असतो. घड्याळ बंद पडलेलं, पियानोवर धूळ, आणि सूड घेण्यासाठी ताटकळलेली एक बाई. मी रोज संध्याकाळी त्या बंगल्यांवरून फिरायला जातो. तिथे ताटकळलेला दिसतो तो माळी, मालक कधी येणार म्हणून. चांगली पन्नास पानं अंगावर काटा आणून शेवटी ते भूत म्हणजे चादर पांघरलेला चोर निघतो तेव्हा मला फसवल्यासारखं होतं. हमाल चकव्याची गोष्ट सांगायचा ती आठवते तुम्हाला? टाकव्याच्या वाटेवर तो तीनदा त्याच आंब्यापाशी आला होता. आपण विचारलं, मग काय केलंस? म्हणाला, "काय करायचं? खाली बसलो, तंबाकू खाल्ली. त्याला मारायचं नसतं, त्यो काय वंगाळ न्हाई. फकस्त फिरवतो." त्या चकव्याला ना सूड घ्यायचा होता, ना त्याच्या अंगावर चादर होती, आणि त्याचा उलगडाही कुणी केला नाही. अजून त्या वाटेने गेलो तर मी आंबे मोजतो. भुताच्या गोष्टीला शेवट नसलेलाच बरा, असं माझं मत होत चाललं आहे. तुमचं मत काय झालं असतं, हे जाणून घ्यायची मला फार इच्छा आहे.

प्रेमकथांबद्दल तुम्ही नाक मुरडाल हे धरून चालतो. प्रेम वृत्तात असावं म्हणजे आवरलेलं राहतं, गद्यात ते सांडतं, हे तुमचं म्हणणं. हल्ली ते भरपूर सांडतं. मुंबईचा तरुण हवापालटासाठी लोणावळ्याला येतो, त्याची मोटार बंद पडते, शेजारच्या बंगल्यातली मुलगी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन बाहेर येते, आणि तिथून पुढे दोघं दीडशे पानं बोलतात. त्या दीडशे पानांत कुणी जेवत नाही. भात नाही, भाकरी नाही, चहा मात्र वारंवार. पण खरं सांगू का, मी ही पुस्तकं हावरटासारखा वाचतो. परवाच्या एकात नायिका त्याची छत्री परत द्यायला येते, ती नुसती देत नाही, वाळवून, पुसून, घडीचा बंद नीट लावून देते, आणि काहीच न बोलता जाते. पुढच्या साऱ्या शपथांपेक्षा मला तो लावलेला बंद पुरला. तिथे पान मुडपून ठेवलं म्हणून सूनबाई रागावली, वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणाली. यात शेवट काय होणार ते पहिल्याच पानावर कळतं, तरी आपण वाचतो. कवितेचं तरी दुसरं काय असतं? पाठ असलेली कविता मी रोज म्हणतो, शेवटची ओळ ठाऊक असून म्हणतो. मग रहस्यकथेतच तेवढी शिवण कशाला, हा प्रश्न मला तीस वर्षं सुटलेला नाही, आणि त्याला कारण तो खोटा अंदाज.

त्या वर्षी तुमची पेन्शन जवळ आली होती. तुम्ही औंढ्याला लेकीकडे राहायला जाणार असं ठरत होतं आणि कपाटाची किल्ली मागे कुणाकडे राहणार याची चर्चा होती. मी होतो आणि स्टेशनातला तारमास्तर होता. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. तुम्ही आपलं हसत म्हणालात, "या पुस्तकाचा अंदाज ज्याचा बरोबर, त्याची किल्ली." तुमच्या लेखी ती गंमत असेल. मला ती किल्ली इतकी हवी होती की वर्गात शिकवताना माझी नजर कपाटाच्या कडीवर जायची. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी, शाळा रिकामी असताना, बोरू तासायच्या चाकूने मी ते तीन टाके कापले आणि ते प्रकरण उभ्याउभ्याच वाचून काढलं. मग वखारीतूनच आणलेला दोरा त्याच भोकांतून ओवला. गाठ तर मी शंभरदा पाहिलेली होती. बसली, असं मला वाटलं.

शनिवारी हमालाने पहिला अंदाज सांगितला. "मास्तर, त्यो दिवाणजीच. धनी मेल्यालं त्याला कुनी सांगायच्या आदीच त्यो पागोटं काढून, बोडका आला. वजन करायच्या आदी ज्याला आकडा ठाव, पोतं त्यानंच फोडल्यालं असतंय." तारमास्तराने वैद्याचं नाव घेतलं. मी म्हणालो पुतण्या, आणि कारणं सांगताना मधेच अडखळलो, मुद्दाम. शिवण उसवायचा मान हमालाचा, गाठ त्याची म्हणून. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी घोंगडीवरचं गवत वेचू लागलो. मग त्याने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाला, "गाठ लय ब्येस बसलीय मास्तर तुमची."

तुम्ही वाचायला लागलात. जिथे आश्चर्य वाटायला हवं तिथे मी डोळे मोठे केले. पण एक गोष्ट घडली ती मी ठरवलेली नव्हती. सुट्टीत उभ्याउभ्या वाचताना ते प्रकरण मला नुसतं कळलं होतं. तुमच्या आवाजात, पडवीतल्या त्या उन्हात, तेच प्रकरण ऐकताना पुतण्याची मला दया आली, शेवटच्या पानावर तर घसा दाटला. म्हणजे ठाऊक असूनही गोडी होती. उलट ठाऊक होतं म्हणून घाई नव्हती. हे तेव्हाच तुम्हाला सांगायला किती आवडलं असतं. पण सांगणार कसा? वाचन संपल्यावर हमाल म्हणाला, "मंग बुक लिवनाऱ्याचंच चुकलं." तुमचा चष्मा पडेपर्यंत तुम्ही हसलात. मी ते पुस्तक नंतर चारपाचदा वाचलं आहे. हमालाचं बरोबर होतं, मास्तर. बोडक्याने आलेल्या दिवाणजीचा लेखकाला पुढे विसर पडला आहे.

बाहेर पडल्यावर त्याने मला वखारीच्या कोपऱ्यावर गाठलं. आवाज चढवला नाही. "धाकलं मास्तर, पोतं फुटलं तर धनी इचारतो कुनी फोडलं. बुकाचं कोन इचारनार? तुमीच सवताला इचारा म्हंजी झालं." मी हो म्हणालो. पुढे तो मला भेटला की गाठीबद्दल कधी अवाक्षर काढायचा नाही, नव्या पुस्तकात कुणाचा खून झाला एवढंच विचारायचा. सोमवारी शाळेत तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवली, तिच्यासोबत ते दाभणही, आणि विचारलंत, "काय रे, कविता कधी शेवटच्या ओळीपासून वाचतोस का?" मी म्हणालो, नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि घंटा द्यायला निघून गेलात.

तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, या प्रश्नावर मी किती दुपारी घालवल्या असतील! हमालाने सांगितलं नसणार, एवढी खात्री होती. गाठ तुम्हाला पुन्हा दिसलीच नाही, दोरा त्याने तोडून मुठीत घेतला होता. मग ते वाक्य तुम्ही सहज बोललात असं मी स्वतःला पटवलं होतं. गेल्या आठवड्यात मात्र सूनबाईने ते उलटंपालटं करून टाकलं. मी पुस्तकाची पंचवीस पानं वाचून चहाला आलो तर ती माझ्याकडे बघून हसायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "मामंजी, यात शिवणारणीचंच नुकसान. शिवायचं म्हणजे कुठून शिवायचं ते बघावं लागतं, मग शेवट वाचला जातो. आता माझ्या वाट्याला पुस्तक नाही, तुमचा चेहराच. पण तोही काही वाईट नाही. कुणावर संशय घेताय ते सगळं दिसतं."

मी चहा तसाच ठेवला. मास्तर, कपाटातल्या एकाही रहस्यकथेचा शेवट तुम्ही आमच्याबरोबर ऐकला नाही. पुस्तकाला दाभण लावण्याआधीच तो तुमचा संपलेला असायचा. शनिवारी तुम्ही वाचत होता ते आमचे चेहरे. आणि माझा चेहरा तर तुम्ही तो सात वर्षांचा असल्यापासून वाचत आलेला. डोळे मोठे केले तेव्हा ते खोटे मोठे केले आहेत हे तुम्हाला पुतण्याच्या कबुलीआधी कळलं असेल. म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून किल्ली दिलीत. का, ते मला आजही सांगता येत नाही. चोरून का होईना, ज्याला शेवट इतका हवा असतो तो कपाटाची निगा राखील असं वाटलं? की शेवटच्या पानावर माझा घसा दाटला तोही तुम्ही पाहिलात? दुसरं खरं असावं असं मला वाटतं, पण त्याला कारण देता येत नाही, आणि कारणाशिवायचा अंदाज तुम्ही पोपटाला देऊन टाकाल. कपाट मी एकवीस वर्षं सांभाळलं. पुढे प्रत्येक रहस्यकथा मीच शिवली, आणि शिवण्याआधी शेवट वाचला, तुमच्यासारखाच. त्यामुळे इतक्या वर्षांत हे पहिलंच शिवलेलं पुस्तक असं, ज्याचा शेवट मला खरोखर माहीत नाही.

तर माझा अंदाज. मेलेल्या शेटजींचा कारभारी. कारण, तिजोरीची किल्ली कुठे सापडली असं फौजदार विचारतो, तेव्हा कुणी काही सांगण्याआधीच तो उशीकडे बघतो. एकच ओळ आहे ती, नवव्या प्रकरणात, आणि लेखक तिच्यावरून पटकन पुढे जातो. वजनाआधी आकडा. हमाल असता तर त्याने माझ्या आधीच सांगितलं असतं, म्हणून अंदाज निम्मा त्याचा धरा. सूनबाई दाराशी दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. शिवण तशीच आहे. तिची गाठ साधी आहे, मला पुन्हा मारता येईल अशी.

हे पत्र कुठे टाकणार? औंढ्याचा पत्ता घालून पेटीत टाकलं तर टपालवाला ते परत माझ्याच हाती आणून देईल. घडी करून पुस्तकात ठेवीन, आणि वाचनालयात परत करण्याआधी आठवणीने काढून घेईन. अंदाज चुकला तरी आता काय बिघडतंय, असं शेवटी लिहायचं मी मघापासून ठरवून ठेवलं होतं. ते खरं नाही. तो बरोबर यावा असं मला अजून फार वाटतं.