एअरब्रशमधला पापुद्रा

कारंजा लाड
ता. ९ जानेवारी १९५६

ती. दादास,
सा. न. वि. वि. आम्ही सगळे खुशाल. वहिनींचा खोकला गेला का, ते लिहा. तुमच्या फोटो स्टुडिओच्या मालकाची मिशी अजून वाढते आहे का, तेही कळवा.

तुम्ही नागपूरहून पाठवलेला एअरब्रश पंधरा दिवस झकास चालला. शेतकी प्रदर्शनासाठी मी मातीचं गाव करतो आहे. विहीर, बांध, तीस घरं. कुंचल्याने चार दिवस खाणारं शेत एका दुपारी हिरवं झालं. आता मात्र तो नुसता थुंकतो. हवा सोडली की रंगाच्या वाटीतच बुडबुडे येतात. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं आणि माझ्या नावावर मिळालेलं हे पहिलंच मोठं काम आहे.

दुकानात माझ्याशेजारी उकंडराव बसतो, पाट्या रंगवणारा. हे काम त्यालाही हवं होतं. परवा मी जेवून आलो तर एअरब्रशची पेटी जागची हललेली. झाडायला सरकवली म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या हातात मी झाडू पाहिलेला नाही.

माया आहेच, ती तशीच असू द्या.
रामकिसन


नागपूर
ता. १३ जानेवारी

चि. रामकिसन यास अ. आ.
तुझी वहिनी बरी आहे. मालकाची मिशी वाढते, डोक्यावरचं मात्र साफ झालं.

वाटीत बुडबुडे म्हणजे तोटीचं टोक तुंबलं. रंग ओतून टाक, कोमट पाणी भरून फवार. मग सुई मागच्या बाजूने ओढून काढ. तोटी फिरवून काढ आणि कोमट पाण्यात ठेव. टाचणी खुपसू नकोस, तोंड रुंद झालं तर संपलंच. बैलाच्या शेपटीचा एक केस आत घालून फिरव. रंग जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून घेत जा.

तुझा रंग डिंकाचा, तो पाण्यात सुटलाच पाहिजे. नाही सुटला तर आत रंग नाही, दुसरंच काही आहे. उकंडराव व्हार्निश वापरतो ना? डोळे उघडे ठेव.

चि. सौ. चतुराला आशीर्वाद. खुशाली कळवत राहा.
जगदेव


कारंजा लाड
ता. १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुमचा अंदाज खरा निघाला. दोन दिवस पाण्यात ठेवून काही सुटलं नाही. केस फिरवला तेव्हा पिवळट, चिवट पापुद्रा आला. उकंडरावच्या व्हार्निशच्या डब्याच्या काठाला धरतो तसाच. माझी कसूर म्हणाल तर मुळीच नाही. रोज सुई पुसतो आणि तुम्ही एअरब्रशसोबतच्या चिठ्ठीत सांगितलं तसं तेल लावतो, थेंबाच्या जागी चांगलं बोटभर.

काल त्याच्याकडे विचारपूस केली. हात लावला नाही म्हणतो. मग चेहरा एवढा पडायला काय झालं? आज दुकानात आलाच नाही. शिरपूरला कुठल्या धर्मशाळेची पाटी रंगवायला गेला म्हणे. चतुरा मला म्हणते, “पाटीवर अक्षर काढायला तुम्हाला त्यानेच शिकवलं, त्याच्या मागे काहून लागता?” मी तिला सांगितलं, तुला माणसं कळत नाहीत.

लोभ ठेवा.
रामकिसन


नागपूर
ता. २२ जानेवारी

चि. रामकिसन यास अ. आ.
तू तेल कोणतं लावतोस? विचारतो कशाला, मला ठाऊक आहे. आपल्या घरी तेल म्हणजे जवसाचं. भाजीत तेच, दिव्यात तेच. मी तेलाचा थेंब लिहिलं तेव्हा माझ्यासमोर शिवणयंत्राच्या तेलाची कुपी होती. जवसाचं तेल हवेवर सुकून पापुद्रा धरतं. पाटीचा रंग पक्का बसावा म्हणून उकंडराव तेच तर कालवतो.

तोटी दोन दिवस टर्पेंटाईनमध्ये बुडव, पापुद्रा मऊ पडेल. आणि आधी शिरपूरला जा. व्हार्निशचं नाव मी काढलं, त्याची मला लाज वाटते आहे.

तुझा,
जगदेव


कारंजा लाड
ता. ५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. शिरपूरला गेलो. उकंडराव शिडीवर होता. मी जवसाच्या तेलाचं सगळं सांगितलं. त्याने हातातलं अक्षर पुरं केलं, खाली उतरला आणि आपली टर्पेंटाईनची बाटली माझ्या हातात दिली. तोटी मोकळी झाली. गाव वेळेवर रंगलं आणि लोकांनी वाखाणलं.

विचारपूस केली, एवढंच मी तुम्हाला लिहिलं होतं. खरं असं की, भर बाजारात गिऱ्हाइकांसमोर मी त्याची पिशवी जमिनीवर पालथी केली. भाकरी, कांदा, कुंचले, चष्म्याचं घर निघालं. तो खाली बसून एकेक वेचत होता आणि मी अजून व्हार्निशची बाटली शोधत होतो. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता तो परत दुकानात बसतो. बोलतो, चहा पाजतो. पण संध्याकाळी घरी निघायच्या आधी पिशवी माझ्यापुढे रिकामी करतो. मी हात धरले, पाया पडलो. रागावत नाही. “पाहून घे, मंग जातो,” एवढंच म्हणतो आणि उभा राहतो. मी पाहिल्याशिवाय तो पायरी उतरत नाही. म्हणून दादा, मी रोज पाहतो.

तुम्ही तरी माया कमी करू नका.
रामकिसन