ऑपरेशन माळा

२७ जुलै २०२५, रविवार. पहाटे ५.

आजपासून 'ऑपरेशन माळा' सुरू.

सृष्टीला सांगलीच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. दहा ऑगस्टला ती होस्टेलवर जाणार. मुलगी मोठी झाली की तिचं लहानपण घरात साठवून ठेवायचं नसतं. सिव्हिलियन लोकांना हे कळत नाही. लोणंदमधल्या निम्म्या माळ्यांवर मिशा फुटलेल्या पोरांचे पाळणे पडून आहेत.

फौजेत असं चालत नाही. पोस्टिंग आली की एक ट्रंक, एक होल्डॉल, चला. रिटायर होईपर्यंत मी तसाच जगलो. भावनेला लगेजमध्ये जागा नसते. (वाक्य चांगलं जमलं आहे. सृष्टीला ऐकवावं.)

लक्ष्य: दहा तारखेच्या आत माळा रिकामा. घरातल्या दोघी रडतील. मी खंबीर राहणार.

२८ जुलै, सोमवार

चहाच्या वेळी मीटिंग घेतली. संयोगिता मेथी निवडत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मीटिंगमध्ये मेथी निवडू नये हे तिला अजून शिकवता आलेलं नाही.

प्रस्तावना केली. बालपण, त्याग, शिस्त. मी त्यागावर असतानाच सृष्टी म्हणाली, द्या ना पप्पा सगळं देऊन. आणि मोबाइल बघायला लागली.

तिला धक्का बसला असणार. धक्का बसलेला जवान असाच शांत दिसतो. विचार करायला दोन दिवस देतो म्हटलं. नको म्हणाली. लगेजचं वाक्य ऐकवलं. ओके म्हणाली.

३० जुलै, बुधवार

मी अंघोळीला गेलेलो असताना सृष्टीने तिची तीनचाकी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. मी संध्याकाळी जाऊन परत आणली. यात भावनेचा काही संबंध नाही. हँडओव्हरची प्रक्रिया चुकली होती, एवढंच.

बाजारातून घरापर्यंत सायकल हातात धरून आलो. वाटेत जोतीराम मास्तर भेटले. नातू झाला काय सुभेदार, असं विचारलं. मी चाल वाढवली.

सायकल तात्पुरती पलंगाखाली ठेवली. संयोगिता म्हणाली, पोरीला ही चालवताना तुम्ही कधी बघितलं तरी होतं का. बघितलं नव्हतं. तेव्हा लेहला होतो. पण फोनवर घंटी ऐकली होती. घंटी अजून वाजते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्रगती समाधानकारक. माळ्यावरचं निम्मं सामान खाली आलं. घराबाहेर काही गेलेलं नाही, पण पलंगाखाली गेलं आहे. एक हात नसलेली बाहुली (रिपेअर होऊ शकते), बालवाडीची वॉटरबॅग (फक्त झाकण नाही), वगैरे.

आज माझी जुनी काळी ट्रंक उघडली. आत सृष्टीचे फ्रॉक. प्रत्येक सुट्टीत मी एक तरी घेऊन यायचो. गुवाहाटीची झबली, जम्मूचा मखमली, बराकपूरचा झालरीचा. सगळे ओळीने घडी घालून ठेवलेले. कुठे डाग नाही, उसवण नाही, रंग उडालेला नाही. बापाने आणलेली वस्तू पोरीने किती जपून वापरली. नाहीतर भावकीतली पोरं. दिवाळीचा शर्ट भाऊबीजेला फरशी पुसायला.

नवा फ्रॉक घालून काढलेला तिचा फोटो मला पोस्टाने यायचा. भिंतीला पाठ लावून, सावधानमध्ये, नजर समोर. बंकरमध्ये सगळ्यांना दाखवायचो. आप्पासो हवालदार म्हणायचा, ही पुढं नक्की फौजेत जाणार.

ट्रंक ऑपरेशनमधून वगळत आहे. हा भावनेचा प्रश्न नाही, रेकॉर्डचा आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

शेजारच्या शालूकाकींच्या नातीला, शिवांजलीला, काल मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथेच आहे.

काकी जुनी झबली मागायला आल्या होत्या. आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नाहीत. चांगल्या वाढलेल्या पोराच्या अंगाला लागलेलं जुनं घालतात, म्हणजे त्याचा गुण लागतो. काकींना सृष्टीचंच हवं होतं. सगळी आळी सोडून माझ्या दारात आल्या, याची नोंद करून ठेवतो.

संयोगिता मध्येच काहीतरी बोलायला लागली. तिला थांबवलं. ट्रंकेतली झबली उद्या मी स्वतः नेऊन देणार, इस्त्री करून. देणाऱ्याचा हात मोठा असावा.

३ ऑगस्ट, रविवार

काकींकडे गेलो. त्यांनी झबलं हातात घेतलं, चिमटीत धरून चोळलं, नाकाला लावलं.

"आरं धना, ह्ये तर कोरं हाय. खळ बी न्हाई गेली अजून."

मी त्यांना समजावून सांगितलं की सृष्टी पहिल्यापासून टापटिपीची. काकींनी झबल्याच्या गळ्यातून बोट घालून दोऱ्याला लटकलेलं दुकानाचं लेबल बाहेर काढलं. मग दुसरं झबलं उलटं केलं. त्यालाही होतं.

"पोरीनं घातलंच न्हाई रं ह्ये," म्हणाल्या. आणि सगळी झबली माझ्या हातात परत दिली.

काकींचं वय झालं आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

घरी येऊन ट्रंकेतला प्रत्येक फ्रॉक उलटून बघितला. उजेड कमी होता, त्यामुळे निष्कर्ष काढत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

चौकशी बसवली. साक्षीदार संयोगिता. भाकरी थापत होती. मग तवा उतरवून बोलली. म्हणे, मी सुट्टी संपवून जाताना पोर जेवढी बघून जायचो, तेवढ्याच मापाचा फ्रॉक पुढच्या सुट्टीला घेऊन यायचो. मधे वर्ष जायचं. पोर काय माझ्यासाठी थांबून राहणार होती?

म्हटलं, मग फोटो?

"पुढनं अंगाला लावायचा आन् मागनं पिना. पाठ उघडीच असायची. म्हून तर भितीला टेकवून हुबी करत हुते."

मला कळवलं का नाही, असं विचारलं.

"तुमी तकडं बर्फात. हितनं काय कळवू, फ्रॉक बसंना म्हून?"

ही माहिती वेळेवर वर पाठवायला हवी होती. सरळसरळ कम्युनिकेशन फेल्युअर आहे. जबाबदारी कोणाची, ते बघावं लागेल. जेवलो नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पेपर वाचत होतो. सृष्टी शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "पप्पा, फोटो काढताना मी पोट आत ओढून धरायचे. मला वाटायचं, बसेल."

आणि उठून गेली. मी पेपर पुढे वाचला. नंतर लक्षात आलं की तो कालचा होता.

दुपारी नवा आदेश काढला. आता ढिलाई नाही. सृष्टीचं लहानपणीचं वापरलेलं जे काही घरात आहे, ते शुक्रवारपर्यंत बाहेर. अपवाद नाही. पलंगाखालचंसुद्धा. ट्रंकेला आदेश लागू नाही, कारण तिच्यातलं काही वापरलेलं नाही, हे चौकशीत सिद्ध झालं आहे.

संयोगिताने विचारलं, सगळंच? एकदा बघून तरी घ्या. म्हटलं, बघण्यासारखं काही नाही. बघत बसलं की माणूस अडकतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सायकल गेली. बाहुली, वॉटरबॅग गेली. संयोगिताने कपाटाच्या तळातून जुन्या कपड्यांचं एक गाठोडं काढून शालूकाकींकडे पोचवलं. माळ्यावर आता फक्त ट्रंक.

या घरात पहिल्यांदा एखादं काम मुदतीत झालं. याला म्हणतात कमांड. संयोगिता जाता-येता माझ्याकडे बघत होती. प्रभावित झाली असावी.

१० ऑगस्ट, रविवार

सृष्टीला सांगलीला सोडून आलो. रेल्वेत तिला चार गोष्टी सांगायच्या होत्या, मुद्दे काढून ठेवले होते. ती लोणंदपासून झोपली ते सांगली आल्यावर उठली. झोपेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. मुद्दे राहून गेले. खांदा हलवला नाही.

होस्टेलच्या गेटच्या आत पुरुषांना सोडत नाहीत. उत्तम नियम. तिला विचारलं, काही राहिलं का. म्हणाली, काही नाही पप्पा, सगळं घेतलं. बॅग उचलून गेली. मी गेटवर थोडा वेळ थांबलो. बंदोबस्त कसा आहे ते बघायला.

येताना भडंग आणलं. संयोगिताने रडत रडत खाल्लं. मी रडलो नाही. भडंग तिखट होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी भडंगाचा पुडा घेऊन शालूकाकींकडे गेलो. काकी बाळाला मांडीवर घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. बाळाच्या अंगात एक जुनं झबलं होतं. ढगळ, धुऊन धुऊन पिवळट झालेलं. खांद्याजवळ काळ्या शाईत पुसट आकडे.

माझे आकडे. माझ्या नंबरचे शेवटचे चार. फौजेत प्रत्येक कपड्यावर नंबर घालावा लागतो, नाहीतर धोब्याकडून दुसऱ्याचं येतं.

काकींना विचारलं, हे कुठून आलं.

"तुजंच बनियन हाय की. सृष्टीच्या बारशाला येऊन गेलास तवा दोरीवर राहिलं व्हतं. तुज्या बायकूनं त्याचं झबलं शिवलं. तुजी पोर ह्याच्याबिगर झोपायची न्हाई. चालाय लागली तरी सोडंना. अंगात मावंना झालं तवा उशाला घ्यायची."

मी म्हटलं, काकी, हे मला परत द्या. बदल्यात ट्रंकेतले सगळे फ्रॉक देतो. बारशानंतर कोरं चालतंच की. गुवाहाटीचं देतो, जम्मूचं देतो.

काकी हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळाच्या अंगाला लागलेलं माघारी न्हेत न्हाईत, धना. बाळाला सोसत न्हाई."

तेवढ्यात बाळाने नंबरावर दूध ओकलं. काकींनी ते पदराने पुसलं आणि मला चहा घेऊन जा म्हणाल्या. चहा घेतला.

घरी येऊन संयोगिताला विचारलं, ते कशाला दिलंस. म्हणाली, सगळंच म्हणालात. मी विचारलं होतं. बघून घ्या म्हणाले होते.

मला फार वाईट वाटलं. रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो.

ऑपरेशन माळा पूर्ण. सृष्टीने लहानपणी अंगावर घातलेलं एकही कापड आता या घरात नाही.