बिननिशाणाची पलटण

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेनऊ.
खुशालराव वकिलांच्या दिवाणखान्यात बसून माझी छोटी कात्री पुसतो आहे. पहाटेच्या एसटीने अकोटहून अमरावतीला उतरलो. बारावी अर्धवट सोडलेल्याला असलं काम मिळेल असं घरी कोणाला वाटलं नव्हतं. वकीलसाहेबांनी मोठ्या टेबलावर १८०३ची अडगावची लढाई मांडली आहे. बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, इकडे भोसल्यांचे, तिकडे इंग्रजांचे. प्रत्येक पलटणीचं निशाण जुन्या चित्रांत शोधायचं, कागदावर रंगवायचं, पितळी तारेला चिकटवायचं. डिंक ओला असतानाच पेन्सिलीवर वळवलं की ते फडकल्यासारखं दिसतं. सगळी निशाणं एकाच वाऱ्यावर हवीत. मी पूर्वेकडची दिशा ठरवली. २९ तारखेला, लढाईच्या दिवशी, पाहुणे खेळायला येणार आहेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
नऊ निशाणं झाली. डबा भातकुलीच्या माधवीताई आणतात. टेबल पाहून म्हणाल्या, एवढा घोडा झाला अन् बाहुल्या खेळून राहिला. मलाही हसू आलं.
एका पलटणीचं निशाण मात्र कुठल्याच चित्रात नाही. तिच्या पहिल्या रांगेत निशाणदाराची जागाही रिकामी आहे. साहेबांनी कपाटातून तारेवरचं एक तपकिरी, जुनं कापड काढलं आणि चिमट्यात धरून पुढे केलं. मी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. आमच्याकडे देवीचं निशाण असंच घेतात. कपाळाला लावलं की ते आपलं, आणि दुसऱ्याने तसंच घेईपर्यंत खाली ठेवायचं नसतं. साहेबांनी चिमटा पुसून कपाटात ठेवला. मग म्हणाले, तुमच्या आधीचे दोघं ते टेबलावर ठेवून मोकळे झाले होते.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
उजवी मूठ उघडत नाही. शुक्रवारी घेतलेलं निशाण आतच आहे. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्या; गोळ्या दिल्या. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन तपासलं आहे. माधवीताईंनी विचारलं, मूठ काहून झाकून राहिला, पैसे हायेत का त्यात.
सगळी निशाणं आज माझ्या खुर्चीकडे वळलेली दिसली. डिंक तर कधीच वाळला आहे. एक सरळ करायला गेलो, कागद फाटला.

रविवार, २३ नोव्हेंबर.
साहेबांना म्हटलं, परत घ्या. त्यांनी हात पाठीमागे बांधले. म्हणाले, निशाणदार बाजारात मिळत नाही हो, शोधून थकलो होतो.
बॅग घेऊन निघालो. फाटकाशी पाय उचलेना. साहेबांच्या घराकडे वळलो की चालतात —

बुधवार, २६ नोव्हेंबर.
पाय घोट्यापर्यंत राखाडी. नखाने खरवडलं. रक्त नाही, रंगाचा पापुद्रा निघाला.
काल टेबल कमरेला लागत होतं. आज छातीला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.
माधवीताई डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, वाळून चालला रे पोरा. बोटांच्या फटीतून कापड दिसलं त्यांना. पदर डोक्यावर घेतला, हात पुढे केले — देवाचं हाये ना, दे मले. त्या कपाळाला लावणार होत्या. मी सुटलो असतो.
मूठ छातीशी ओढली. म्हटलं, जा. उद्या येऊ नका. रागावून गेल्या. बरं झालं.

शनिवार, २९ नोव्हेंबर.
वहीच्या पानावर उभा आहे. पेन्सिलीचं तुटलेलं टोक डाव्या हातात मावतं. पाहुणे बाहेर चहा घेताहेत. मग साहेब मला रांगेत लावतील. मागचे शिपाई कुजबुजतात —
खर्च: एसटी १०५, तार ९०, गोळ्या १४०.
देणे: माधवीताई, डबा, १२००.
येणे: साहेबांकडून पगार. त्यातून ताईंचे आधी द्यावे. उरलेले अकोटला, आईच्या हा—