पांढऱ्या डिझेल पिकअपची विल्हेवाट

मी, यज्ञेश्वर शामराव बोधनकर, वय वर्षे त्र्याहत्तर, रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार, तारीख आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. गाडी कोणती घेतली हे विचारले नाही, म्हणून दाखला मिळाला. हा कागद मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. उलट घरातल्या दोन बायकांनी आणलेला दबाव मी वेळेवर मानला असता, तर हा कागद एका पानात आटोपला असता.

कलम १. राहते घर माझा मुलगा अभिनव याला मिळावे. तो पुण्याला असतो. मी फोनवर मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो, आणि आमचे चांगले चालले आहे. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. घराचे फाटक घराच्या मानाने फार रुंद आहे. ते दोन फूट वाढवताना पद्मिनीचा, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचा, पारिजातक तोडावा लागला होता. एवढे फाटक कशासाठी, असे घेणाऱ्याने विचारले तर त्याला कलम पाच वाचायला द्यावे.

कलम २. बँकेतल्या ठेवीही अभिनवच्याच. त्याचे नाव तिथे आधीच लावले आहे.

कलम ३. माझी अवजारे, म्हणजे पान्यांचा पूर्ण संच, दोन जॅक आणि शेडमधून निरोपाला मिळालेली पितळी हातोडी, भनपुरीचे मेकॅनिक शालिग्राम यांना द्यावीत. ते वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि डिझेल इंजिनाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. हे मी चार वर्षे कबूल केले नव्हते. हातोडीने त्यांनी बदाम फोडले तरी चालेल.

कलम ४. शेजारी श्यामकांत यांच्याशी माझा वाद होता. रोज सकाळी माझ्या गाडीच्या घरघरीने त्यांच्या खिडकीची तावदाने थरथरतात, असा तक्रारअर्ज त्यांनी कॉलनीच्या समितीला दिला होता. मी उत्तरादाखल तीन पानी अर्ज दिला आणि त्यात डिझेल इंजिनाचा इतिहास लिहिला. समितीने दोन्ही अर्ज फाईलला लावले. तो वाद मी आजपासून सोडला आहे. तावदाने खरोखर थरथरत होती.

कलम ५. पांढरी डिझेल पिकअप. हे कलम लांबेल.

पद्मिनी आणि तिच्या भावाची मुलगी गंधाली यांचा फराळाचा धंदा होता. चिवडा, चकली, शेव, ऑर्डर असेल तर अनारसे. माल आमच्या घरी बने आणि सदर बाजारातल्या तीन दुकानांत जाई. आधी गंधालीच्या स्कूटरवरून जायचा, मग तिथे मावेनासा झाला. २०२१ च्या दसऱ्याला गाडी घ्यायचे ठरले आणि मी म्हणालो, गाडीचे माझ्यावर सोडा. चौतीस वर्षे डिझेल शेडमध्ये काढलेल्या माणसावर गाडीचे सोडू नये तर कोणावर, असे त्यांनाही वाटले असावे.

शोरूममधल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "अंकल, डेली रनिंग कितना है?"

मी म्हणालो, "रनिंगचं राहू दे, टॉर्क सांग, ओढायची ताकद किती ते."

गंधाली म्हणाली, "काका, आपलं जाऊन-येऊन नऊ किलोमीटर आहे. ती छोटी पेट्रोलवाली बहोत हो गई. मले चालवता पण येईल."

मी तिला समजावले, की पेट्रोल हे सुपारी कातरायला ठीक आहे, ओझे ओढायचे तर डिझेलच हवे. डिझेल स्वस्त पडते, इंजिन दोन पिढ्या टिकते, वगैरे. हे सगळे खरे आहे. रोज शंभर-दीडशे किलोमीटर सिमेंट वाहणाऱ्यासाठी अगदी खरे आहे. पद्मिनी तेवढ्या वेळात त्या पिकअपभोवती एक फेरी मारून आली होती.

"काहून एवढी मोठी?" ती म्हणाली. "चिवड्याले टॉर्क लागते का?"

मी तिच्याकडे दयेने पाहिले. चिवडा हा वजनाने हलका पदार्थ आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही. सव्वा टन वाहणारी डिझेल पिकअप घरी आली, पारिजातक गेला आणि फराळाचे डबे मागच्या हौद्यात एका कोपऱ्यात बसले. वळणावर ते इकडून तिकडे घसरत, म्हणून वजनाला मी दोन सिमेंटची पोती ठेवली. अशा रीतीने गाडीला ओझे मिळाले.

आता माझी खरी चूक. शेडमध्ये आम्ही इंजिन सहसा बंद करत नसू. थंड झालेले मोठे डिझेल पुन्हा चालू करणे कटकटीचे, म्हणून ते धडधडत ठेवायचे, हा आमचा संस्कार. तोच मी पिकअपला लावला. सकाळी वीस मिनिटे दारात तापवायची, सदर बाजारात तिन्ही दुकानांसमोर चालूच ठेवायची. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत आणि मी त्यांना अडाणी समजत असे.

तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. भनपुरीला शालिग्रामकडे गाडी नेली. मी शेडचा माणूस, हे ऐकून त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग हळूच विचारले, "बाबूजी, गाड़ी चलती कहाँ है?" मी सांगितले. मग त्यांनी समजावले, की नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, ती काजळी अडवते. लांब पल्ल्यावर जाळी तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. गल्लीबोळात चालवली, उभी धडधडत ठेवली, तर जाळी तुंबते. "हफ्ते में एक बार आधा घंटा हाइवे पर साठ की स्पीड में घुमा लाओ," ते म्हणाले. "खाली भी चलेगी."

गाडीबरोबरच्या पुस्तकात हे सगळे लिहिले होते. पुस्तक मी उघडले नव्हते. डिझेलबद्दल मला कोण शिकवणार?

पुढच्या रविवारपासून काजळी जाळायला मी बिलासपूर रस्त्याने रिकामी पिकअप पळवू लागलो. सिमगा गावाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. रिकामा ट्रक घेऊन एकटा हिंडणारा म्हातारा लोकांना काय वाटेल, या लाजेने मी पद्मिनीला बरोबर घेतले. कॉलनीत सांगितले, देवदर्शनाला जातो.

इथे एक कबुली द्यायला हवी. रेल्वेचे पास मला नोकरीभर मिळत होते आणि त्यावर मी पद्मिनीला एकदा नागपूरला आणि एकदा तिच्या आईच्या तेराव्याला नेले. बाकी पास तसेच गेले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे शेजारी बसून नुसते कुठे गेलो, असे या गाडीआधी कधी घडले नव्हते. ती थर्मास घेई, खिडकीची काच पूर्ण खाली करी आणि भनपुरी ओलांडली की बोलायला लागे. तिला शिक्षिका व्हायचे होते, हे मला सिलतऱ्यापाशी कळले. पारिजातकासाठी ती दोन दिवस जेवली नव्हती, हेही त्याच रस्त्यावर कळले.

मधून मधून ती विचारी, "दिवा गेला का?" मी म्हणे, नाही. एकदा तो टपरीच्या कितीतरी आधी विझला. मी गाडी वळवायला लागलो, तर ती म्हणाली, "अजून थोडी समोर घ्या. पुरती जळू द्या."

असे रविवार अडीच वर्षांहून जास्त चालले. २०२४ च्या जुलैत पद्मिनी गेली. त्यानंतर मी त्या रस्त्याला गेलो नाही. तिच्याशिवाय मला तिकडे जायचे नव्हते आणि दुसऱ्या कोणी ती गाडी तिकडे न्यावी, हेही सोसत नव्हते. गंधालीने चावी मागितली, मी दिली नाही. दिवा लागत राहिला, शालिग्रामनी दोनदा जाळी वर्कशॉपमध्ये साफ करून दिली, तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

गेल्या मे महिन्यात गंधालीला एका लग्नाची मोठी ऑर्डर मिळाली, तीनशे डब्यांची. मीच चालवत होतो. तेलीबांध्याच्या पुढे तुंबलेल्या जाळीने गाडीचा दम गेला, चाळीसच्या वर जाईना. कार्यालयात पोचलो तेव्हा पंगत उठली होती. निम्मे डबे परत आले. पुढच्या दोन लग्नांच्या ऑर्डरीही त्या लोकांनी काढून घेतल्या.

घरी आल्यावर ती म्हणाली, "काका, गाडी बेच दो. छोटी पेट्रोलवाली घेऊ. आत्या रहती तो आत्या भी यही बोलती." ती रडत नव्हती, नुसती दमली होती. मी म्हणालो, डिझेलला नावे ठेवायची असतील तर उद्यापासून येऊ नकोस. ती आली नाही. ब्राह्मण पारा वस्तीतल्या तिच्या घरी ती एकटी चकल्या पाडते आणि भाड्याच्या ऑटोतून माल नेते. नऊ महिने आम्ही बोललो नाही. रोज सकाळी मी उभ्या गाडीचे इंजिन वीस मिनिटे चालवत होतो आणि गाडी सांभाळतो आहे असे स्वतःला सांगत होतो.


कलम ६. (मूळ मजकूर) सदर पिकअप माझ्या पश्चात गंधालीला मिळावी. तिने ती विकून पेट्रोलची छोटी गाडी घ्यावी. तिचे बरोबर होते. मी चुकलो.

वरील कलम रद्द. खोडाखोडीवर सही केली आहे. मसुदा मी वकील भावनाताईंना दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे लागू व्हायला पंधरा वर्षं लागतील. तोवर ती पोट्टी काय करन, ऑटोच पाहून राहीन का?"

मला वाटले होते, मी फार मोठ्या मनाचे कलम लिहिले आहे. प्रत्यक्षात मी चूक अशा जागी कबूल केली होती, जिथे उत्तर ऐकायला मी नसणार.

शालिग्रामनी गाडी चालती केली आणि सांगितले, बाकीचे काम हायवेच करेल. काल रविवारी सकाळी मी ती घेऊन ब्राह्मण पाऱ्यात गेलो. गंधालीच्या दारात इंजिन बंद केले. तो आवाज बंद झाल्यावर ती बाहेर आली, बहुतेक त्यामुळेच आली. मी म्हणालो, "तुझं बरोबर होतं. गाडी विकू. चावी घे." इतके बोलायला मला सव्वाचार वर्षे लागली. तिने चावी घेतली, डॅशबोर्डकडे पाहिले आणि म्हणाली, "दिवा जलून राहिला न काका. ऐसे कौन लेगा? बसा तिकडे."

मी पद्मिनीच्या जागेवर बसलो. तिथून रस्ता वेगळा दिसतो, हे मला माहीत नव्हते. गंधालीने साठचा वेग धरला. सिलतऱ्यानंतर दिवा विझला. ती वेग कमी करायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "अजून थोडी समोर घे." तिने घेतली. टपरीवर आम्ही चहा प्यायलो आणि मी थोडा रडलो. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

गाडी विकायचा कागद आज झाला. त्यातून येणारी पेट्रोलची छोटी गाडी गंधालीच्या नावाने येईल. ती जुन्या रुंदीच्या फाटकातूनही सहज जाईल, त्यामुळे वाढवलेल्या दोन फुटांत नवा पारिजातक लावावा. हे मी जिवंतपणीच करणार आहे, पण माझा इतिहास पाहता लिहून ठेवतो.

कलम ७. माझी शेवटची यात्रा कोणत्या गाडीतून न्यायची, ते गंधालीने ठरवावे. मी त्या वेळी मत देणार नाही.

याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र नाही. असते तर तेही चुकीचे निघाले असते.

सही: यज्ञेश्वर शामराव बोधनकर
ठिकाण: रायपूर, छत्तीसगड
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६, सोमवार

साक्षीदार पहिले: श्यामकांत, शेजारी. (तावदानांबाबत समाधान झाले.)

साक्षीदार दुसरी: गंधाली, पत्नीची भाची. ज्याला काही मिळायचे असेल त्याने साक्ष करू नये, असा भावनाताईंचा सल्ला आहे. हिला या कागदाने काहीही मिळत नाही, म्हणून ही सही करू शकते. पुढचा मजकूर तिच्या हातचा:

काकांनी हा कागद माझ्यासमोर वाचला, माझ्यासमोर सही केली, आणि चिवड्याले टॉर्क लागत नाही हेही माझ्यासमोर मान्य केले.