साहेबाच्या ग्लासातलं पाणी

दादा,
जयभीम.

तू गेलास त्याला येत्या श्रावणात वर्ष होईल. माती द्यायलाही मी नव्हतो. कंपनीनं सुट्टी दिली नाही, असं मी वहिनीला कळवलं होतं. खरं सांगू? मी मागितलीच नव्हती.

आज लिहायला बसलो ते तुझ्या सुनंदाच्या पत्रामुळं. पोरगी नाशकात कॉलेजात आहे, तुला ठाऊकच. कॉलेजच्या मासिकासाठी तिला लेख लिहायचा आहे : इंग्रजांच्या काळावरच्या कथा-नाटकांत गोरा साहेब आणि आपली माणसं यांचं नातं कसं दाखवतात. केवढा विषय! मी चौथीत शाळा सोडलेला, वाक्य दोनदा वाचलं तेव्हा कळलं.

पुढं तिनं लिहिलंय, "काका, बाबा गावच्या नाटकात साहेब व्हायचे. मग एकदम बंद का झालं? गावात म्हणतात, साहेबाचं काम करून त्यांच्या डोक्यात हवा गेली होती. बाबांना विचारलं तर म्हणायचे, तहान लागली होती म्हणून प्यालो. तुम्ही तर त्याच नाटकात त्यांचे शिपाई होतात. खरं काय ते सांगा."

तहान लागली होती! दादा, पोटच्या पोरीलाही तू एवढंच सांगितलंस?

साहेबाचं काम आपल्या वस्तीला का मिळालं, हे तिला कसं कळावं? शेवटच्या अंकात साहेब मार खाऊन मरतो. लोक चपला फेकतात. ते काम वरच्या आळीत कुणालाच नको होतं. म्हणून नाटक बसवणारे गुरुजी वस्तीत आले, "किसन, तुझा आवाज दणकट आहे रे." आवाज तुझा दणकट होताच. पण रंग? सफेदा थापून थापून तुझ्या गालांवर पुळ्या यायच्या, आणि तरी पुढून कुणीतरी ओरडायचंच, "ए साहेबा, मान काळी राहिली!" सगळा मांडव हसायचा. तूही मिशीतल्या मिशीत हसायचास.

क्रांतिकारक म्हणजे पाटलांचा सुरेश. दुसऱ्या अंकात तू त्याला चाबकानं मारायचास. तालमीत तो दात खाऊन म्हणायचा, "किसन्या, हळू मार, नायतर उद्या बघतो." आणि लगेच त्याच तोंडानं, "साहेब, माझा देह तुमचा, मन नाही!" मला हसू आवरायचं नाही. तू डोळे वटारायचास.

आणि तिसरा अंक. साहेब सुरेशला धरायला त्याच्या घरी येतो. सुरेशची आई, म्हणजे लुगडं नेसलेला शंकर टेलर, म्हणते, "वैरी असला तरी दारात आलेला पाहुणा आहे, त्याला पाणी द्या." आपली संस्कृती केवढी मोठी, म्हणून टाळ्या पडायच्या. ग्लास मात्र रिकामा असायचा. तू तो ओठांपासून वीतभर लांब धरून प्यायल्यासारखं करायचास. गोऱ्या साहेबाला पाणी देणारं घर तुला कसं देणार? आपल्यासाठी वस्तीतून आणलेली कळशी मांडवाच्या मागं वेगळी ठेवलेली असायची.

त्या वर्षी मी अठराचा होतो. डोकं सदा गरम. सगळे पुढं बघत होते, तेव्हा नाटक मंडळाच्या, वरच्या आळीच्या माठातून मी ग्लास भरला आणि शंकरच्या तबकात ठेवला. लुगडं सावरता सावरता त्यानं पाहिलंच नाही.

तू ग्लास उचललास. जड लागला असेल. माझ्याकडं पाहिलंस. मी भाल्याला टेकून उभा, तुझा शिपाई. तुला सांडता आला असता. नेहमीसारखा लांब धरता आला असता. पण तू तोंड लावलंस आणि तळ दिसेपर्यंत प्यालास, सावकाश. तुझा घसा हलताना पुढच्या रांगेनं पाहिला. आधी टाळ्या पडल्या. मग त्या एकेक करून थांबल्या.

का प्यालास, दादा? माझ्यासाठी की स्वतःसाठी? कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

सकाळी चावडीवर बोलावलं. थोरल्या पाटलांनी काठी टेकत विचारलं, "ग्लास कुणी भरला?" सुरेश बाजूलाच उभा होता. मी म्हणालो, "मला नाय ठावं. दादानंच भरून घेतला आसंल."

तू मान वळवून माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालास, "व्हय. म्याच."

नाटकात शिपाई शेवटी साहेबाला दगा देतो, क्रांतिकारकांना दार उघडतो, आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. चावडीवर मला कुणी खांद्यावर घेतलं नाही. तुला मारलं तेव्हा मी गर्दीत मागं मागं सरकत गेलो. मग वस्तीचं दळण बंद झालं, रानातली कामं बंद झाली. तू वहिनीला आणि पोरीला घेऊन नाशकात हमालीला गेलास. तिथल्याच कुठल्या नळाच्या गढूळ पाण्यानं तुला कावीळ झाली, त्यातच तू गेलास. मी आधी मुंबई, मग हे आखातातलं वाळवंट. एका जागी मला राहवत नाही म्हणतात लोक. राहवेल कसं?

इथं खरे साहेब आहेत, दादा. त्यांचा पाण्याचा कूलरही वेगळा. एकदा भर दुपारी आमच्या गोऱ्या इंजिनिअरनं स्वतःची बाटली माझ्यापुढं धरली. अर्धी प्यालेली. मला हात पुढं करता येईना. त्याला वाटलं, मला त्याची किळस आली. खांदे उडवून गेला तो. काय सांगणार होतो त्याला?

सुनंदाच्या पत्राला उत्तर द्यायला आठवडा घालवला. दोन वेळा लिहिलं, "बाबा म्हणायचे तेच खरं." दोन्ही वेळा फाडलं. एवढं सोपं खोटं! तू स्वतःच तयार करून ठेवलेलं. मला वाचवायला की माझी लाज वाटून?

तिला खरं कळलं तर ती मला काका म्हणणार नाही. वहिनी तर दारात उभं करणार नाही. त्या दोघींशिवाय मला तिकडं कोण आहे?

तरी शब्द देतो. हे पत्र संपलं की तिला लिहायला बसेन. पहिलीच ओळ असेल : पाणी मी भरलं होतं, आणि चावडीवर खोटं बोललो तोही मीच. खुशाली त्यानंतर. मासिकात छापायचं तर छापू दे, माझ्या पूर्ण नावासकट.

तुझा धाकटा,
बबन