चार बोटं जाडीचा थर

मसाका, ९ जुलै

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार. तुझ्या पायाची सूज उतरली का? इकडे सगळं ठीक. उन्हं कडक आहेत, पण केळीचे घड चांगले पोसलेत. गावातून तुझ्या कानावर काही आलं असेल, तर निम्मंच खरं धर.

झालं असं. टोमॅटोचा वाफा सुकत चालला होता. त्यावर कॉफीच्या टरफलांचं आच्छादन घालावं म्हटलं, पण किती लागेल ते उमजेना. समोर किबुका मास्तर राहतात, शाळेत गणित शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. ते स्वतःहून टेप घेऊन आले. लांबी-रुंदी मोजली, थर चार बोटं जाड हवा म्हणाले, आणि कॉफीच्या गिरणीवर निरोपही त्यांनीच धाडला.

मला वाटलं, पाच-सहा पोती येतील. आला ट्रक. ड्रायव्हरने फाटकातच सगळं ओतलं नि निघून गेला. वाटच बंद. मी आत अडकले, मास्तरही आत. शेवटी ते ढिगावर चढले, मांडीपर्यंत रुतले, आणि नेमक्या तेव्हाच बायका चर्चमधून परतत होत्या. पुढचं त्यांनी सांगितलं असेलच.

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी फावडं घेऊन येतात. वाफा झाला, केळी झाल्या, फुलझाडं झाली, तरी ढीग आहेच. मी मटोक्याची केळी थोडी जास्त शिजवते. राबणाऱ्या माणसाला उपाशी कसं धाडायचं?

काल विचारलंच, "मास्तर, जन्मभर गणित शिकवलंत आणि एका वाफ्याचा अंदाज चुकला?"

ते फावड्यावर रेलून म्हणाले, "चुकला नाही. वाफ्याला किती लागेल ते मी तेव्हाच काढलं होतं. पण तेवढं तर एका सकाळीत पसरून झालं असतं."

मी घरात गेले. धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. मग बाहेर येऊन म्हटलं, "आपल्यात आधी आत्याला विचारतात."

ते शनिवारी तुझ्याकडे येतील. तू कडक बोल, तो तुझा मानच आहे. पण फार वेळ उभं ठेवू नकोस, त्यांची कंबर धरलीय. मुलींना मी अजून काही कळवलेलं नाही.

तू विचारशील, या वयात कशाला? मला नीट सांगता येत नाही. हे गेले तेव्हा मी रडून घेतलं आणि घर सांभाळलं. आता संध्याकाळी मास्तर फाटक लावून जातात, तेव्हा अंगण फार मोठं वाटतं, एवढंच.

तू नको म्हणालीस तर ऐकेन. म्हणजे, प्रयत्न करेन.

तुझ्या होकारावर डोळे लावून बसलेली,
नान्तुमे